दुपारी थांबणारा पंप

पंपाच्या खोलीबाहेर उभं राहून पोपट बडेकर फोनवर म्हणाला, "मॅडम, मशीन ठणठणीत हाय. दोन्ही स्पीडला चालवून बघितला. मशीनमध्ये काय दोष नाय."

बोलताना त्याचं लक्ष हात पुसायच्या फडक्याकडं होतं. स्विमिंग पूलच्या पलीकडच्या काठावर बंगल्याचा राखणदार पोशा लांब दांड्याच्या जाळीनं पाण्यावरची पानं काढत होता. फोन स्पीकरवर होता, आणि त्या बंगल्यावर इतकं सामसूम असायचं की इकडचं बोलणं तिकडं सहज पोचायचं.

"मग झालं तर," मालकीणबाई पलीकडून म्हणाल्या. "कुणीतरी बंद करतंय, दुसरं काय!"

पोशाची जाळी पाण्यात जरा थांबली, मग पुन्हा फिरायला लागली.

पोपटनं हत्यारं पिशवीत भरली, मोटरसायकलला किक मारली आणि कर्जतला परत आला. त्याच्या दृष्टीनं काम संपलं होतं.

भिसेगावात त्याला सगळे पोपट मिस्तरी म्हणतात. साठीकडं झुकलेला, बुटका, कमी बोलणारा माणूस. तरुणपणी तो रसायनीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. तिथं शेडभर मोटारी चालायच्या आणि त्यातली एखादी आजारी पडली की पोपट लांबूनच ओळखायचा. तो कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं कर्जतला मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं. सुरुवातीला शेतावरचे पाण्याचे पंप यायचे, पिठाच्या गिरणीची मोटार यायची. पुढं शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर बंगले उभे राहिले, बंगल्यांपुढं निळ्या फरशीचे पूल आले आणि पोपटच्या दुकानात येणाऱ्या मोटारींची जातच बदलून गेली. आता कर्जत ते खालापूर पट्ट्यातले कितीतरी पूल त्याच्या हातावर चालतात.

पण या बंगल्यांवर पोपट जायचा तो मधल्या वारी. शनिवारी-रविवारी पाहुणे असतात, तेव्हा तेलकट हातांचा मिस्तरी कुणालाच नको असतो. त्यामुळं हे सगळे बंगले त्याला रिकामेच ठाऊक होते. उलट्या घातलेल्या खुर्च्या, दोरीवर विसरलेला टॉवेल, कोपऱ्यात हवा गेलेलं रबरी बदक. माणसं तिथं हसली-खेळली असणार हे त्याला कळायचं, पण दिसायचं ते मागं राहिलेलं तेवढंच. तो पंप दुरुस्त करायचा, राखणदाराशी दोन शब्द बोलायचा आणि निघायचा.

घरी जाऊनही बोलायला कुणी नव्हतं. बायको होती, चांगली हिंडती-फिरती होती, पण चिंचवडला होती. लेक अक्षदा तिथं नोकरीला. तिच्या बाळंतपणाला म्हणून ललिता गेली तेव्हा, "तीन महिन्यांत येते हं, लोणच्याची बरणी उन्हात ठेवत जा," असं सांगून गेली होती. तीन महिन्यांनी अक्षदाची रजा संपली. मग बाळाला कोण बघणार? मग बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, बालवाडीत गेलं. आता ती नात, रिया, बसनं शाळेत जाते. ललिता अजून तिथंच आहे. तिनं तिथं राहायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, त्यामुळं परत यायचं असंही कुणी ठरवलं नाही.

रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय केलंवतं?"

"भात. आमटी."

"दुकान?"

"चाललंय."

मग रिया फोन हिसकावून घ्यायची आणि पोपटला थोडा वेळ चिंचवडच्या घराचं छत दिसायचं, पंखा दिसायचा. "आजोबा, बाय!" झालं. फोन बंद झाला की तो टीव्ही मोठ्यानं लावायचा. बघायचा नाही, नुसता लावायचा. 'ये' असं तो ललिताला एकदाही म्हणाला नव्हता. तिला यायचं असेल तर येईल, आपण ओढून कशाला आणायची, असं त्याचं म्हणणं. म्हणजे ते त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मनातल्या मनातच होतं.

तर, पंप ठणठणीत आहे असं सांगून आल्यावर पंधरवडाभरानं रुचिता मॅडमचा पुन्हा फोन आला. याच त्या बंगल्याच्या मालकीणबाई, राहायला मुलुंडला. नवरा वारल्यावर बंगला नुसता पडून राहू नये म्हणून त्या तो शनिवार-रविवार भाड्यानं द्यायच्या.

"पोपटभाऊ, या शनिवारी पाहुण्यांना पाणी हिरवट मिळालं. त्यांनी फोटो काढून सगळीकडं टाकलेत. मी आता ठरवलंय, पोशाला महिनाअखेरीस जायला सांगते. एजन्सीकडून एक जोडपं बघितलंय."

"पोशाला? का?"

"का म्हणजे? रोज दुपारी पंप बंद असतो. कॅमेऱ्यात पाणी हलत नाही ते मला इथून दिसतं ना! मी त्याला फोन करते, तो म्हणतो बघतो, आणि तो खोलीकडं गेला की थोड्या वेळात पंप सुरू. वर मला सांगतो, मी हात लावला नाही, आपोआप चालू झाला. त्याची खोली पंपाला लागून आहे, आवाजानं झोप होत नसेल दुपारची. तसं सांगायचं होतं ना मला! खोटं कशाला बोलायचं?" आणि मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, मशीनमध्ये काही नाही."

पोपट "हां" म्हणाला आणि फोन ठेवला. पण ते 'तुम्हीच म्हणालात' त्याच्या डोक्यातून जाईना. पोशाला तो बंगला बांधून झाल्यापासून ओळखत होता. मागच्या डोंगराच्या पायथ्याला त्याची ठाकूरवाडी. बायको वारलेली. दिवाळी झाली की दोन्ही मुलगे आपापली बिऱ्हाडं घेऊन वीटभट्टीवर जायचे ते शिमग्यालाच तोंड दाखवायचे. तोवर पोशा त्या बंगल्यावर एकटा. हा माणूस थापा मारतो असं पोपटला कधी वाटलं नव्हतं. आणि तरीही, यंत्र की पोशा असा प्रश्न आला तेव्हा त्यानं फडक्याला हात पुसत पुसत यंत्राची बाजू घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडताच तो सकाळी चौक गावाकडच्या रस्त्याला लागला.

पोशा फाटकाशी आला. त्यानं फाटक अर्धंच उघडलं.

"आज काय बिघडलं?" त्यानं विचारलं.

"काय नाय. आज मी हात लावणार नाय. नुसता बसून बघणार हाय."

पोशानं खांदे उडवले आणि एक प्लास्टिकची खुर्ची आणून पंपाच्या खोलीपुढं ठेवली. स्वतः मात्र लांब, बंगल्याच्या पायरीवर जाऊन बसला.

पंप दोन स्पीडचा होता. सकाळी जोरात चालायचा, तेव्हा तो पुलाच्या तळाचा गाळ ओढायचा. ऊन वर आलं की भिंतीवरचा टायमर त्याला हळू स्पीडवर टाकायचा. मग संध्याकाळपर्यंत पाणी नुसतं डुलत राहायचं, वीज कमी लागायची आणि पाणी स्वच्छ राहायचं. तक्रार होती ती या हळू स्पीडचीच. पहिल्या वेळी पोपटनं जाळी साफ केली होती, झाकणाचं रबर बदललं होतं. दुसऱ्या वेळी, म्हणजे पंधरवड्यापूर्वी, कपॅसिटर बदलला आणि आतल्या स्विचमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं ते झाडून काढलं. दोन्ही वेळा त्यानं नंतर बटण दाबलं आणि पंप हळू स्पीडवर छान चालला होता.

आता तो खुर्चीत बसून त्या जोरात चाललेल्या पंपाचा आवाज ऐकत होता. आवाजात खोट नव्हती. बसून बसून कंटाळा आला तेव्हा त्यानं हाक मारली, "पोशा, हितं ये की रं. लांब काय बसलास?"

पोशा आला आणि खोलीच्या भिंतीला टेकून उकिडवा बसला.

"पोरं भट्टीवर गेली?"

"गेली."

"कुठं?"

"पालीकडं. थोरल्याची पोरगी शाळेत घातलीवती, ती पन नेली. हितं कोनापाशी ठेवायची?"

"तुझ्यापाशी ठेवायची."

"मालकिनीला पोर नको बंगल्यावर," पोशा म्हणाला. वाऱ्यानं आंब्याचा मोहोर पाण्यावर गळत होता. पोशा उठला, जाळीनं तो काढून आला आणि पुन्हा त्याच जागी बसला.

"मिस्तरी," तो म्हणाला, "येक इचारू? मी पंप कशापायी बंद करीन?"

"मॅडम म्हनतात, तुझी झोप मोडते."

पोशा हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "हितं आठवडाभर मानूस येत नाय. रेडिओ होता, त्यो बिघडला. पंप चालू असला का वाटतं, कोनतरी हाय जवळ. बंद पडला का माजा जीव घाबरा होतो. मी उठून बघाया येतो, काय झालं. आनि मी आलो का बाई म्हनतात, तू चालू केलास."

पोपट जमिनीकडं बघत राहिला. 'माझ्या घरी टीव्ही असतो तसाच,' एवढं म्हणणं काही अवघड नव्हतं. पण तो म्हणाला नाही.

ऊन डोक्यावर आलं. भिंतीवरच्या टायमरनं टक् केलं, पंपाचा मोठा आवाज खाली उतरत गेला, उतरत गेला, आणि हळू आवाज सुरू व्हायच्या जागी काहीच सुरू झालं नाही. एकदम शांत. कुंपणापलीकडं कुणाची तरी बकरी ओरडली ती ऐकू आली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"बघा," पोशा हळूच म्हणाला. "मी हितं बसलोय."

पोपट खुर्चीवरून उठला तो खुर्ची कलंडलीच. त्यानं मीटर काढला. टायमरमधून हळू स्पीडच्या तारेत वीज येत होती. मोटारीपर्यंतही येत होती. मग त्यानं तारेभोवती चिमट्याचा मीटर लावला, करंट किती ओढतेय ते बघायला. शून्य. मोटार काही ओढतच नव्हती. म्हणजे वीज दारापर्यंत येत होती आणि दार आतून बंद होतं.

त्यानं मेन बंद केला आणि मोटारीला हात लावला. चटका बसेल इतकी ती तापली होती. आणि तिथं त्याला उमगलं. दोन्ही वेळा त्यानं आल्या आल्या पहिलं काम केलं होतं ते मेन बंद करायचं. मग झाकण उघड, मुंग्या झाड, मीटर लाव, चहा पी. यात मोटार गार होऊन जायची. गार मोटारीत दोष नव्हताच. दोष यायचा तो तापल्यावर.

"पोशा, मागचं झाकन खोलतो. ते चार स्क्रू सांभाळ."

झाकण निघालं. पोपटनं हळू स्पीडच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या. मीटर काही दाखवेना. आतली वाट तुटलेली. त्यानं सुया तशाच धरून ठेवल्या. मोटार गार होऊ लागली. पोशा गुडघ्यावर बसून मीटरच्या काचेकडं टक लावून होता, जसं काही त्यात त्याचाच निकाल लागणार होता. आणि तसं ते होतंही. पोपटचे हात भरून आले. सावली सरकली. आणि मग कुणी काही न करता काचेवर आकडा उमटला. गेला, पुन्हा आला, आणि राहिला.

"आला," पोशा म्हणाला.

"आला. तूच म्हनत होतास ना, आपोआप चालू होतो? हे बघ, आपोआप."

तारेच्या टोकाला दाबून बसवलेली पितळी टोपी असते, तिला थिंबल म्हणतात, ती आत सैल झाली होती. गार असताना तारेला चिकटायची, तापली की जागा सोडायची. बाहेरून प्लास्टिकची नळी चढवलेली, त्यामुळं दिसायला सगळं झकास. नळी कापली तर आत तार काळी पडलेली. पोपटनं ते टोक तोडलं, तार खरवडून लखलखीत केली, नवी थिंबल पक्क्यानं दाबली. मग पंप पुन्हा जोरात चालवून मोटार मुद्दाम तापवली आणि हळू स्पीडवर टाकली. आवाज उतरला आणि खाली जाऊन स्थिर झाला. पाणी डुलायला लागलं.

त्यानं मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. थिंबल, तापणं, गार होणं, सगळं. मॅडमनी ऐकून घेतलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "म्हणजे तो खरं बोलत होता. जरा त्याला फोन द्या बरं."

पोशानं फोन दोन्ही हातांत धरला.

"पोशा, सॉरी हं. माझ्या मनात उगाच आलं. तू राहा तिथं. त्या जोडप्याला मी नाही म्हणून सांगते."

"बरं," पोशा म्हणाला आणि फोन परत दिला.

पोपट खुशीत होता. पिशवी खांद्याला लावत तो म्हणाला, "सुटलास की रं, पोशा!"

पोशा त्याच्याकडं बघत उभा राहिला. "मी अडकलोवतो कुठं? तुमीच म्हनला, मशीनमध्ये काय दोष नाय. मी त्या काठाला होतो. आयकलं मी." मग जरा थांबून म्हणाला, "बाई सॉरी म्हनल्या. तुमी काय नाय बोलला."

"अरे, तवा मला तसं वाटलं..." पोपट म्हणाला. त्यानं मोटरसायकल चालू केली. फाटक लावताना पोशानं नेहमीसारखा हात वर केला नाही.

शिमग्याच्या आधी मॅडमचा फोन आला तो वेगळाच. पोशा काम सोडून गेला होता. किल्ल्या शेजारच्या बंगल्याच्या वॉचमनकडं ठेवून. "काही बोललाही नाही हो. मी सॉरी म्हटलं होतं त्याला," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलंय हे आवाजातून कळत होतं. "तुम्हाला काही बोलला का?"

"नाय," पोपट म्हणाला. आणि दिवसभर त्याला ते 'नाय' टोचत राहिलं.

होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो ठाकूरवाडीत गेला. गाडी खाली लावून पायवाटेनं चढावं लागलं. वाडी माणसांनी भरली होती. भट्टीवरून सगळे परतले होते, अंगणाअंगणात पोरं, मध्ये काळी पडलेली होळीची जागा. पोशा ओट्यावर बसला होता, मांडीवर एक शेंबडी पोर. पोपटला बघून तो उठला नाही, पण पोरीला म्हणाला, "सरक गं, मिस्तरीला बसू दे."

पोपट बसला. वाटेत त्यानं बरंच काय काय जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरला.

"पोशादादा, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी नीट न बघता बोललो. तुझ्यावर बालंट आलं ते माझ्या बोलन्यानं आलं. त्या दिशी म्हनायला पायजे होतं. नाय म्हनलो."

पोशानं मान हलवली. मग म्हणाला, "येवढ्यासाठी वर चढून आला?"

"हां."

पोशा घरात बघून सुनेला ओरडला, "हिरू, कोरा चा टाक गं." आणि पोपटकडं वळला. "राग व्हता. आता नाय."

"मंग परत जा की कामाला. मी बोलतो मॅडमशी."

"नाय, मिस्तरी." पोशा पोरीच्या केसांतून हात फिरवत होता. "मी रागानं नाय सोडलं. मला सोडायचंच व्हतं, कवापासून. नुसतं निमित मिळत नव्हतं. तिथं लय एकटं वाटायचं. आता पोरांबरोबर भट्टीवर जातो. इटा काय थापनार मी? यांची पोरं सांभाळीन." आणि मग त्यानं अगदी सहज विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन?"

पोपट म्हणाला, "बायको हाय. लेकीकडं असते."

"कवाची?"

हिरूनं आणलेला चहा पोपटनं बशीत ओतून प्यायला आणि उतरायला लागला.

त्याच आठवड्यात तो चिंचवडला गेला, न कळवता. दार ललितानं उघडलं. पदर खोचलेला, हाताला पीठ. "अगंबाई! तुमी? काय झालं?"

"काय नाय. आलो."

घर दोन खोल्यांचं. ओट्यावर पोळ्यांची चवड, खाली स्टीलचे डबे ओळीनं. पोपटला हे नवीन होतं. फोनवर कधी निघालं नव्हतं, की त्यानं कधी विचारलं नव्हतं. ललिता आसपासच्या कंपन्यांतल्या पोरांना डबे देत होती. शेजारची गोड बोलणारी नंदा नावाची बाई तिच्या जोडीला. दोघी भराभर डबे भरत होत्या, हसत होत्या, कुणाला तिखट चालत नाही त्याची चेष्टा करत होत्या. ललिताला असं हसताना पोपटनं कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. तो पलंगाच्या कडेला बसला. तिथून एकदा त्याला उठावं लागलं, कारण डब्यांच्या पिशव्या पलंगाखाली होत्या. मग दाराशी उभा राहिला, तिथंही वाटेत आला. शेवटी त्यानं त्यांचा आवाज करणारा मिक्सर खोलायला घेतला.

दुपारी नंदा गेली, घर शांत झालं. ललिता गच्चीत कपडे काढायला गेली तशी तोही मागं गेला.

"ललिता," तो म्हणाला, "घरी ये."

तिच्या हातात रियाचा फ्रॉक होता. तो तिनं घडी करायला घेतला आणि घडी करतच राहिली.

"तुमची तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. मला एकट्याला करमत नाय, म्हनून म्हनतो."

"कवापासनं करमत नाय?"

"पयल्या सालापासनं."

ललितानं फ्रॉक बाजूला ठेवला. "मंग बोलला का नाय?"

"मला वाटलं, तुला यावंसं वाटलं तर येशील."

"आनि मला वाटलं, माझ्यावाचून तुमचं काय अडत नाय. रोज इचारते, जेवलात का, तुमी म्हनता जेवलो. दुकान चाललंय. कधी म्हनला नाय, ये गं, भात करपला." तिचे डोळे भरले, पण आवाज नेहमीचाच होता. "पयल्या साली बोलवलं असतं तर दुसऱ्या दिशी आले असते. आता कशी येऊ? नंदाचं घर चालतं या डब्यांवर. रिया माझ्यावाचून झोपत नाय. आनि खरं सांगू, मला बी हितं बरं वाटतं."

पोपटनं मान हलवली. मग म्हणाला, "मी येऊ हिकडं?"

गच्चीवरून खालच्या घरांच्या ओळी दिसत होत्या, सगळ्यांचे कपडे वाळत होते. "कुठं झोपाल?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. दोन खोल्या, जावई, अक्षदा, रिया, ती. तिनं मनात जागा शोधून बघितली होती, आणि ती नव्हती.

रात्री जावयानं आग्रहानं जेवायला वाढलं, रियानं त्याच्या पाठीवर घोडा-घोडा केला. सकाळच्या गाडीनं पोपट घाट उतरून परत आला. गाडीत तो खिडकीशी बसला होता. मन जड होतं, पण एका बाजूनं मोकळंही होतं. विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं. आता न विचारलेलं काही उरलं नव्हतं.

मे महिन्यात ललिता रियाला घेऊन आली. आपणहून. भिसेगावच्या घरात पुन्हा माणसं झाली. तिनं माळ्यावरचं सामान खाली काढलं, डब्यांतली किडलेली डाळ फेकली, पापड लाटले. रियाला घेऊन पोपट दुकानात जायचा, ती तांब्याच्या तारेच्या बांगड्या करून घ्यायची. संध्याकाळी ओट्यावर बसून ललिता त्याला डब्यांच्या गोष्टी सांगायची आणि तोही बोलायचा. एकदा त्यानं पोशाची सगळी हकिगत सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "त्याला गेलात सांगाया, बरं केलंत. तुमाला अवघड गेलं असंल." एवढंच. पण नंतर झोपताना तिनं त्याच्या अंगावर चादर सारखी केली.

मग सुट्टी संपली. कर्जतच्या फलाटावर पुण्याकडं जाणारी गाडी थांबली, घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं लागली. पोपटनं पिशव्या चढवल्या आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला.

"नीट जेवन करत जा," ललिता म्हणाली.

"करतो. पन तू ये. गणपतीला ये, त्याच्या आधी जमलं तर आधी ये."

तो इतका मोठ्यानं बोलला की शेजारच्या खिडकीतल्या बाईनं वळून बघितलं. ललिता लाजली. "बघते," ती म्हणाली. "तुमी बी या. मिक्सर परत आवाज करतोय."

गाडी हलली. रियाचा हात बराच वेळ दिसत होता, मग वळणावर तोही दिसेनासा झाला. फलाट रिकामा झाला. एका बाकड्यावर कुणीतरी वडापावचा कागद टाकला होता, तो वाऱ्यानं सरकत सरकत कडेपर्यंत गेला.

पोपट स्टेशनबाहेर आला. घरी जायची घाई नव्हती. आत्ताच गेलं तर ओट्यावर तिनं वाळत घातलेले पापड दिसतील, ते आपल्याला एकट्यालाच उचलावे लागतील, हे त्याला ठाऊक होतं. खोपोलीजवळच्या शिळफाट्याच्या एका हॉटेलवाल्यानं सकाळी फोन केला होता, त्याची पाण्याची मोटार गरम होत होती. ऊन अजून बाकी होतं. त्यानं गाडी खोपोलीच्या रस्त्याला घातली.